लाफिंग गॅसचा मास्क कुणी धरायचा?

चष्मिष्टा
लोकहो, धाकट्या बहिणीची तारीख सहा आठवड्यांवर आली आहे. मागच्या तपासणीत तिला सांगितलं की कळांसाठी एपिड्युरल (पाठीच्या कण्याजवळ सुईने देतात ती भूल) आहेच, पण ते नको असेल किंवा त्याआधी काही हवं असेल तर गॅस आहे. अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन, म्हणजे तोच तो लाफिंग गॅस. मास्क तोंडावर धरून तिनेच ओढायचा म्हणे.

तिचा नवरा जहाजावर, त्यामुळे आत मी असणार. ही मुलगी लहानपणापासून जरा दुखलं की हातपाय गाळून बसते. तेव्हा प्रश्न असा, की ऐन कळेत तिला जमलं नाही तर मास्क मी तिच्या तोंडावर धरला तर चालेल ना?

आई वेगळंच म्हणते. "भुलीचा वायू म्हणजे भूलच की. बाळाला लागणार नाही कशावरून?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

अर्धवट
मास्क तुम्हीच धरा, पण स्वतःच्या तोंडावर. आत बहिणीपेक्षा तुम्हालाच जास्त गरज पडेल असं दिसतंय.

कुंदा_
मी घेतला होता. बरोबर काय वाटतं ते सांगते. दुखणं गेलं नाही. दुखत होतं, पण शेजारच्या खोलीत कुणाला तरी दुखतंय असं वाटत होतं. ओठ आणि बोटं झिणझिणली, डोकं कापसासारखं झालं. कळ ओसरल्यावर मास्क बाजूला केला की दोन-तीन मिनिटांत सगळं पूर्ववत. हसू वगैरे अजिबात आलं नाही. मळमळ मात्र झाली.

भूलवाली
चष्मिष्टाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं नंतर. नाही. मास्क तुम्ही धरायचा नाही. नवऱ्याने धरायचा नाही, आईने नाही, सिस्टरनेही नाही. बहिणीनेच धरायचा.

यात शिस्तीचा भाग नाही, या पद्धतीची सगळी सुरक्षितता त्या एका गोष्टीवर उभी आहे. त्या मास्कला किंवा तोंडात धरायच्या नळीला एक झडप असते. ओढणाऱ्याने श्वास आत घेतला तरच ती उघडते, एरवी बंद. बाई जास्त गुंगली की हात आपोआप सैल पडतो, मास्क खाली येतो, दोन श्वास साध्या हवेचे जातात आणि ती जागी होते. जादा डोस होऊ न देणारं यंत्र म्हणजे तिचा स्वतःचा हात. तुम्ही प्रेमाने मास्क दाबून धरलात, की ते यंत्र तुम्ही काढून टाकलंत. गुंगलेल्या माणसाला उलटी झाली आणि तोंडावर मास्क घट्ट असला तर काय होईल, ते सांगायला नको.

चष्मिष्टा
बाप रे. बरं झालं विचारलं. मी तर घरी रुमाल घेऊन सराव करायच्या बेतात होते.

दातओठ
पण दाताच्या डॉक्टरकडे तर मला नाकावर मास्क बांधून ठेवला होता! मी हातही लावला नव्हता. मग ते कसं चालतं?

भूलवाली
चांगला प्रश्न. तिथे यंत्र वेगळं. दंतवैद्य आधी नुसता ऑक्सिजन लावतात, मग नायट्रस थोडा थोडा वाढवत नेतात आणि पुरेसा वाटला की थांबतात. बहुतेकांना ३०-४० टक्क्यांच्या आसपास पुरतो. त्या यंत्रातून ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही अशी रचना असते, आणि ऑक्सिजन संपला तर नायट्रसही बंद पडतो. शिवाय एक प्रशिक्षित माणूस सतत तुमच्याशी बोलत असतो. तुम्ही उत्तर देताय याचा अर्थ तुम्ही शुद्धीत आहात. तोंड उघडं ठेवायला सांगितल्यावर ते मिटायला लागलं, तरी तो इशारा समजतात.

शेवटी पाचेक मिनिटं पुन्हा नुसता ऑक्सिजन दिला असेल, आठवतंय का?

दातओठ
हो, दिला होता! मला वाटलं बिल वाढवतायत.

भूलवाली
:) नायट्रस रक्तात इतर भूलद्रव्यांच्या मानाने कमी विरघळतो, म्हणून चढतो लवकर आणि उतरतोही लवकर. जास्त प्रमाणात घेतलेला बंद केला की तो रक्तातून फुप्फुसात लोंढ्याने परत येतो आणि तिथला ऑक्सिजन पातळ करतो. ती काही मिनिटं निभावून नेण्यासाठी वरचा ऑक्सिजन.

दोन_पिल्लांची_आई
माझ्या सहा वर्षांच्या लेकाला दाढ भरताना दिला होता. दोन गोष्टी कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. पहिली, सर्दीने नाक चोंदलं असेल तर उपयोग शून्य. आमचा पहिला दिवस असाच वाया गेला. दुसरी, गॅस असला तरी हिरडीत इंजेक्शन द्यावंच लागतं. फरक इतकाच, की इंजेक्शन दिलं हे त्याला कळलंच नाही. नंतर विचारलं तर म्हणतो, "मी अंतराळात होतो."

वायुपुत्र
इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. नायट्रस ऑक्साइड प्रथम तयार केला जोसेफ प्रीस्टलीने, १७७२ साली. नंतर ब्रिस्टलमध्ये हम्फ्री डेव्ही नावाच्या पोराने तो स्वतः पोटभर हुंगला. अक्कलदाढ दुखत होती, ती गॅसने थांबली हे त्याने टिपलं, आणि १८०० साली छापलेल्या पुस्तकात लिहिलं की फार रक्त न वाहणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये याचा उपयोग होऊ शकेल. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. ते वाक्य पुढची चाळीसहून अधिक वर्षं तसंच पडून राहिलं! लोक गॅस हुंगायचे, पण मजेसाठी, तिकीट लावून.

१० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये कोल्टन नावाच्या गृहस्थाचा असाच खेळ होता. गॅस घेतलेला एक प्रेक्षक धडपडला, पाय चांगला रक्तबंबाळ झाला आणि त्याला पत्ता नाही. हे दिसलं सगळ्यांना, पण डोक्यात दिवा पेटला तो होरेस वेल्स या दंतवैद्याच्या. दुसऱ्याच दिवशी त्याने गॅस घेऊन स्वतःची दाढ उपटून घेतली.

अर्धवट
कोरी करकरीत कल्पना स्वतःच्या दाढेवर. याला म्हणतात आधी केले मग सांगितले.

वायुपुत्र
पुढचं मात्र वाईट आहे. जानेवारी १८४५ मध्ये त्याने बॉस्टनला डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर प्रयोग केला. दात काढताना रुग्ण ओरडला आणि सभागृहाने वेल्सला थोतांड म्हणून हिणवलं. पुढच्या वर्षी १६ ऑक्टोबरला त्याच बॉस्टनमध्ये त्याचा जुना भागीदार मॉर्टन ईथर या दुसऱ्या द्रव्याने भूल देऊन गाजला. वेल्स नंतर क्लोरोफॉर्मच्या आहारी गेला आणि १८४८ मध्ये तुरुंगात त्याने स्वतःला संपवलं. वय तेहतीस.

शून्यप्रहर
पण रुग्ण ओरडला का? आदल्या महिन्यात चाललेला गॅस बॉस्टनला का नाही चालला?

वायुपुत्र
गॅसची पिशवी लवकर काढून घेतली असं स्वतः वेल्सनेच म्हटलं होतं.

भूलवाली
ते पटण्यासारखं आहे. आणि शून्यप्रहर, त्यापलीकडे एक गणित आहे. दर भूलद्रव्याचा एक आकडा असतो. चिरलं तरी निम्मे रुग्ण हलत नाहीत, त्यासाठी श्वासात ते किती टक्के लागतं तो आकडा. नायट्रसचा आकडा आहे साधारण १०४.

शून्यप्रहर
शंभरातले एकशे चार? हा तर आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरवाल्याचा निकाल झाला.

भूलवाली
नेमकं! म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबात नुसता नायट्रस दिला, ऑक्सिजनचा एक कणही ठेवला नाही, तरी भरवशाची पूर्ण भूल येत नाही. जुने दंतवैद्य शंभर टक्के नायट्रस द्यायचे, रुग्ण निळा पडायचा, मान टाकायचा आणि तेवढ्यात दात निघायचा. त्यातला बराच भाग भुलीचा नव्हता, गुदमरण्याचा होता. १८६८ साली शिकागोच्या एडमंड अँड्र्यूजने त्यात ऑक्सिजन मिसळायला सुरुवात केली. आमच्याकडे आजही तो एकटा वापरत नाहीत. भूल देतात दुसरी औषधं, हा जोडीला राहून त्यांची मात्रा कमी करतो. दुखणं कमी करायला मात्र तो एकटा, निम्म्या ऑक्सिजनसोबतही, कामाचा आहे. बाळंतपणात तेवढंच हवं असतं.

आणि आईंना सांगा: हो, वायू बाळापर्यंत पोचतो. पण बाळ जन्मून श्वास घ्यायला लागलं की तो त्याच श्वासांतून निघून जातो. कळांचा जोर त्याने कमी होत नाही आणि दूध पाजायलाही आडकाठी नाही.

नळीवाला
मी रुग्णालयांत गॅस पाइपलाइन बसवतो आणि तपासतो. डॉक्टरांनी हाताचं सांगितलं, मी भिंतीमागचं सांगतो.

नायट्रसचा सिलिंडर निळा असतो, पण रंगावर कधीच जायचं नाही. देशोदेशी रंग वेगळे आणि रंग खरवडला जातो. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या मानेवर ठरावीक जागी भोकं असतात आणि यंत्रावर त्याच जागी खुंट्या. ऑक्सिजनच्या २ आणि ५ नंबरच्या जागी, नायट्रसच्या ३ आणि ५. चुकीचा सिलिंडर बसतच नाही. बसत नाही म्हणून खुंटी ठोकून काढणारा महाभागही मी पाहिला आहे.

दुसरं. नुसत्या नायट्रसच्या सिलिंडरमध्ये आत द्रव असतो. त्यामुळे दाबाचा काटा पन्नासेक बारवर ठाम उभा, द्रव संपेपर्यंत हलत नाही. मग धाडकन पडतो. किती उरलाय ते वजन करूनच कळतं. पण अर्धा-अर्धा मिश्रणाच्या सिलिंडरमध्ये सगळं वायुरूपात असतं, तिथे काटा खरं बोलतो.

आणि त्या मिश्रणाची खरी खोड थंडीत. उणे ६ अंशांच्या आसपास आणि त्याखाली नायट्रस द्रव होऊन तळाशी बसतो. अशा सिलिंडरमधून आधी भरपूर ऑक्सिजन येतो, रुग्ण म्हणतो "काहीच होत नाही", आणि शेवटी शेवटी येतो तो जवळजवळ नुसता नायट्रस. उघड्यावर थंडीत राहिलेला सिलिंडर म्हणून १० अंशांच्या वर चोवीस तास आडवा ठेवल्याशिवाय वापरत नाहीत. लहान सिलिंडर उलटासुलटाही करतात.

कुंदा_
सरबताच्या बाटलीसारखं तळ ढवळून घ्यायचं तर! नळीवाले दादा, तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

नळीवाला
नळ्यांच्या अदलाबदलीची. एकदा एका ठिकाणी (नाव नाही सांगणार) दुरुस्तीनंतर तपासायला गेलो. ऑक्सिजन लिहिलेल्या आउटलेटला मीटर लावला तर आकडा शून्याकडे. छतामागे कुणीतरी दोन नळ्या एकमेकींत जोडल्या होत्या. प्लग बरोबर, खुंटी बरोबर, रंग बरोबर आणि आतून येतोय नायट्रस. कक्ष अजून उघडला नव्हता म्हणून निभावलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. अशा चुकांनी जगात माणसं मेली आहेत. ऑक्सिजन मोजणारा मीटर हाच काय तो साक्षीदार, बाकी सगळी नुसती लेबलं.

शून्यप्रहर
_/\_ वाचनखूण साठवली.

दुर्बीण
थोडं अवांतर. वडिलांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आत वायूचा बुडबुडा सोडला होता. मनगटावर एक पट्टा बांधला, त्यावर लिहिलेलं: नायट्रस ऑक्साइड देऊ नये. कित्येक आठवडे काढायचा नाही म्हणाले. तेव्हा वाटलं उगाच बाऊ करतायत.

भूलवाली
बाऊ नव्हे, दृष्टी जाऊ शकते. नायट्रस रक्तात नायट्रोजनच्या तीसेक पट विरघळतो. शरीरात कुठे वायू कोंडलेला असेल तर तिथे नायट्रस भराभर शिरतो आणि नायट्रोजन तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. पोकळी फुगते. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर ७५ टक्के नायट्रसवर ती दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. म्हणून छातीला किंवा डोक्याला मार, आतड्याला अडथळा, डोळ्यात बुडबुडा, नुकतीच खोल समुद्रातली बुडी, यातलं काहीही असेल तर गॅस नाही. अपघातानंतर "कळवळतोय, गॅस द्या" म्हणण्याआधी छातीचं बघावं लागतं ते यासाठी.

हिरवळ
इतकं कौतुक चाललंय म्हणून एक विरोधी सूर. हा वायू हवामानासाठी भयंकर आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो आणि वातावरणात शतकभर टिकतो. शिवाय मळमळ. चांगले पर्याय असताना हा जुनाट वायू हवाच कशाला?

नळीवाला
हिरवळ, यातलं निम्मं खापर माझ्या नळ्यांवर फोडा. मोठ्या पाइपलाइनमधला नायट्रस रुग्णापर्यंत पोचण्याआधीच सांध्यांतून गळतो. कित्येक रुग्णालयं आता ती पाइपलाइन बंद करून लागेल तसा छोटा सिलिंडर यंत्राला लावतात. मला काम कमी, पण बरोबर आहे ते.

वेणा
मी सुईण आहे, लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली. हिरवळ, तुमचा आकडा खरा असेल, पण पहाटे तीन वाजता भूलतज्ज्ञ दुसऱ्या ऑपरेशनला अडकलेले असताना बाईच्या हातात देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय असतं? हे मिनिटभरात लागू होतं, नको वाटलं की ती मास्क खाली ठेवते, आणि ती उठून चालू शकते (आधाराने). ऑपरेशन थिएटरमधून काढा हवं तर. लेबर रूममधून काढताना तिला विचारा.

पण माझंही एक गाऱ्हाणं आहे. बाया उच्छ्वास बाहेर सोडतात तो कुणाच्या नाकात जातो? आमच्या. दिवसभर. उच्छ्वाससुद्धा मास्कमध्येच सोडायला सांगायचं म्हणजे तो नळीवाटे बाहेर ओढला जातो, आणि खोलीची हवा खेळती हवी. ब्रिटनमध्ये आठ तासांच्या पाळीला सरासरी १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) ही मर्यादा आहे, अमेरिकेतली शिफारस २५ ची. मी जिथे होते तिथे मोजणारा मीटरच नव्हता. सहकारी गरोदर राहिली की आम्हीच आपापसांत पाळ्या बदलून घ्यायचो.

हिरवळ
लेबर रूमचा मुद्दा मान्य. ऑपरेशन थिएटरबद्दल माझं मत कायम.

भूलवाली
थिएटरबद्दल मीही तुमच्या बाजूची होत चालले आहे. हृदयाला धोका वाढतो का, हे २०१४ साली सात हजारांहून अधिक रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत तपासलं, आणि वाढत नाही असं निघालं. तेव्हा विष म्हणून नाही, गरज उरली नाही म्हणून मी कमी वापरते.

अर्धवट
या धाग्यावर विरोधकाचं मत मान्य होण्याची घटना घडली आहे. नळीवाले, गळती तपासा.

चष्मिष्टा
तुम्ही सगळे थोर आहात. एक राहिलंच. बहिणीला बी-१२ कमी म्हणून मध्यंतरी इंजेक्शनं दिली होती. ती पूर्ण शाकाहारी आहे. याचा काही संबंध?

भूलवाली
संबंध आहे, आणि हे तिच्या डॉक्टरांना आजच सांगा, त्या दिवसाची वाट बघू नका. नायट्रस बी-१२ मधल्या कोबाल्टवर घाला घालतो आणि ते जीवनसत्त्व निकामी करतो. साठा भरपूर असलेल्या माणसाला काही तासांनी फरक पडत नाही. आधीच कमी असेल तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं असं सुरू होतं. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेही गमतीशीर नाही: १९५६ साली धनुर्वाताच्या रुग्णांना दिवसचे दिवस नायट्रसवर ठेवलं, तेव्हा त्यांच्या रक्तपेशी घटल्या.

तुमच्या बहिणीची पातळी आता भरून निघालेली असू शकते. ठरवायचं ते रिपोर्ट बघून तिच्या डॉक्टरांनी, इथे बसून मी नाही.

शून्यप्रहर
पार्ट्यांत फुगे भरून हुंगतात ते हेच ना?

भूलवाली
हेच, पण ऑक्सिजनशिवाय आणि पुन्हा पुन्हा. चालता न येणारी विशीतली मुलं बघितली आहेत, म्हणून यावर विनोद सुचत नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं.

वेणा
चष्मिष्टाताई, जाण्याआधी एक युक्ती. असर पूर्ण चढायला पाऊणएक मिनिट लागतं. कळ शिगेला पोचल्यावर ओढलं तर गॅस चढतो कळ संपल्यावर, आणि सगळ्या बाया म्हणतात "काही उपयोग नाही". पोट घट्ट व्हायला लागलं की लगेच सुरू, संथ खोल श्वास, कळ उतरली की खाली. तुम्हाला काहीतरी धरायचंच असेल तर पोटावर हात धरा आणि "आली" म्हणून सांगा.

वायुपुत्र
वेल्सची पिशवी आणि ही पाऊण मिनिटाची गोष्ट एकच की! वेळ चुकली तर गॅस खोटा.

चष्मिष्टा
(धागा वर काढतेय.) परवा पहाटे मुलगी झाली. दोघी ठणठणीत.

बी-१२ चा रिपोर्ट डॉक्टरांनी पुन्हा करून घेतला, पातळी चांगली होती, गॅसला हरकत नाही म्हणाले. पहिल्या दोन कळा वाया गेल्या, अगदी वेणाताईंनी सांगितलं तशाच. मग मी पोटावर हात ठेवून "आली" म्हणायला लागले आणि जमलं. एकदा मधेच तिचा हात गळून मास्क छातीवर पडला. माझा हात सवयीने पुढे गेला, तोच सुईणबाई म्हणाल्या, "राहू दे, पडू दे." पाच-सहा सेकंदांत डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. म्हणते, "ताई, तुझा चष्मा केवढा मोठा आहे गं." आणि खुदकन हसली. तेवढंच काय ते लाफिंग. चार तासांनी म्हणाली आता पुरे, एपिड्युरल द्या. भूलतज्ज्ञ येईपर्यंत मास्क सोडला नाही. एकदा उलटी झाली, माझ्या चपलांवर.

कुंदा_
अभिनंदन मावशी!

नळीवाला
अभिनंदन. उच्छ्वास बाहेर ओढणारी नळी होती का खोलीत?

चष्मिष्टा
बघायचं राहिलं हो दादा. पुढच्या वेळी नक्की बघते.

अर्धवट
पुढच्या वेळी? बहिणीला विचारलंत का?